आगीचा व्हिडिओ आणि बांधापलीकडची शेवंती

पेटलेल्या रानाचा व्हिडिओ हवा, एवढ्यासाठी जानेवारीतल्या एका रविवारी मी पुण्याहून स्कूटर काढली. ब्लॉगवर म्हणे आग चालते! ऑफिसातल्या मित्राचे वडील, आप्पा, मांडवगण फराट्याला राहतात. ऊस तुटलाय, पाचट पेटवताना बघायला या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

कारेगावपर्यंत कंपन्यांच्या बसमागून धूर खात गेले. तिथली मिसळ ऐंशी रुपयांना, तर्री मागाल तेवढी. शिरूरला टाकी भरून घ्या. पुढे उसाच्या ट्रॉल्या भेटतात, त्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नका.

रानात पोचले तर आप्पा काडेपेटी घेऊन तयारच. उसाची वाळलेली पानं, म्हणजे पाचट, घोटाभर पसरलेली. मी मोबाइल रोखला, तेवढ्यात बांधापलीकडून शेजारच्या मालनकाकू धावत आल्या. मागे त्यांची शेवंती पिवळीधमक फुललेली.

"आवं आप्पा, उद्या तोडायचीत फुलं! वारं हिकडंच हाय. राख बसली तर बाजारात कोण इचारील?"

"रान माझं हाय, वहिनी. कवाबी पेटवीन."

"पेटवा की. पर धूर तुमच्याच रानात ठिवा."

आप्पा जरा नरमले. "फुलं तोडल्यावरच पेटवणार व्हतो. पर ताई मुद्दाम पुण्यास्नं आल्यात. पाव्हण्याला न्हाई कसं म्हणू?"

माझे कान लाल झाले. मला नको व्हिडिओ, असं म्हणाले, तर आप्पा जास्तच फुगले. शब्द दिला होता ना! शेवटी काकूंनीच तोडगा काढला.

"बांधाकडचं पाचट मला द्या. शेवंतीच्या सऱ्यांत आंथरते. पानी कमी लागंल."

"न्या. बाकीचं फुलं तोडल्यावर बघू. पर उचलायला ताईबी लागतील."

लागले! दोन तास भारे वाहिले. हात ओरबाडून निघाले, मग काकूंच्या भाकरी-ठेच्यावर तिघंही तुटून पडलो. येताना भीमा ओलांडून दौंडच्या बाजूनं पाटसला आले, गार रस प्यायले आणि हायवेनं घरी.

माझ्या हौसेपायी काकूंची हाताशी आलेली फुलं वाया जाणार होती, याची लाज अजून वाटते. दोन दिवसांनी न राहवून आप्पांना फोन केला.

"फुलं बाजारात गेली का काकूंची?"

"गेली की, झ्याक गेली."

"आणि उरलेलं पाचट?"

"ते तुमच्यासाठी ठिवलंय."

"पेटवायला?"

"छ्या! उचलायला."