पणजोबा, मुक्काम जयपूर

जयपूरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये एका जुन्या पोस्टकार्डाची प्रत होती आणि डोक्यावर आप्पाकाकांच्या कमानीचा भार.

कार्ड पणजोबांचं. आमचे पणजोबा गणपतराव सोनारकाम करायचे. तरुणपणीच त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि अंदमानातून ते घरी परतलेच नाहीत. घरात एवढंच सांगितलं जाई, की त्यांनी 'इंग्रजांच्या राणीवर घाव घातला'. राणी वाईजवळच्या आमच्या गावात कधी आली होती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. यंदा माझे चुलते आप्पाकाका, वय चौऱ्याऐंशी, यांनी वाचनालयाबाहेर 'क्रांतिवीर गणपतराव' अशी कमान मंजूर करून घेतली. फक्त पुरावा हवा होता. तेवढ्यात जुन्या ट्रंकेत हे कार्ड निघालं. ओळखीच्या सरांनी त्यातली मोडी वाचून दिली: "सुटलो. जयपुरात ठप्प्याचे काम करतो. घरी यावे काय? उत्तर धाडावे."

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. काकांच्या मते रिकामी. त्यांनी तिकीटच हातात ठेवलं.

मुक्काम चुलतभाऊ नंदूकडे. तो बँकेत अधिकारी, बदलीवर आला आणि तिथलाच झाला. गोपालपुऱ्यात त्याच्या घराभोवती इतके क्लास आहेत की सकाळी दूध आणायला निघाले, तर एकानं हातात पत्रक दिलं. त्या पत्रकानुसार डॉक्टर होण्याची ही माझी शेवटची संधी होती. नंदूची मुलगी इशा झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरीला. तिनं माझ्यासाठी रजा काढली.

"आत्या, आपण चारदीवारीत जाऊ. मतलब जुना शहर," ती म्हणाली.

"जुनं शहर," मी म्हणाले.

"हां, तोच."

ई-रिक्षातून वेशीच्या आत शिरलो. दोन्ही बाजूंना गुलाबी भिंती आणि मधे स्कूटर, हातगाड्या, दोन गाई. एका दुकानापुढे उभ्यानंच प्याज की कचौरी (कांद्याचं सारण भरलेली खस्ता कचोरी) खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी मागवली.

मग 'ठप्पेवाले कुठे बसतात' असं विचारायला लागलो. जयपुरात ठप्पा म्हणजे सोनाराचा साचाच नव्हे, तर कापडावर छपाई करायचा लाकडी ठसाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्या भैयानं थेट चादरींच्या दुकानात नेऊन बसवलं. पणजोबांचं नाव काढायला सवडच मिळाली नाही. दोन रजया घेऊन बाहेर पडलो. दुसऱ्यानं रबरी शिक्के करणाऱ्याकडे पाठवलं. तो विचारू लागला, "किसके नाम का बनाना है?" इशानं सांगून टाकलं, "गणपतरावजी." तो बनवायलाच बसला. त्याला कसंबसं थांबवलं, तेव्हा त्यानं विचारलं, "चाँदी का ठप्पा चाहिए क्या?" आणि समोरची गल्ली दाखवली.

गल्लीच्या टोकाला अरुंद जिना. वर छोट्या कारखान्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ चांदीचा पातळ पत्रा पोलादी साच्यावर ठेवून ठोकत होते. नाव मोहनलालजी.

"गणपतराव नावाचे दक्षिणेकडचे कारागीर इकडे होते का?" मी माझ्या हिंदीत विचारलं.

त्यांचा हातोडा थांबला. "कालापानीवाले? वो तो मेरे दादाजी थे. आप कौन?"

इशानं सांगितलं, "परपोती हैं. महाराष्ट्र से."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग हिंदीतच म्हणाले, "दादाजींनी दोन वर्षं चिठ्ठीची वाट पाहिली. घरी कोणी उरलं नाही असं धरून चालले, आणि मग इथे लग्न केलं."

घरी सगळे होते. पण त्यांचं श्राद्ध कधीच घालून झालं होतं. मेलेल्या माणसाला उत्तर काय लिहायचं, म्हणून कार्ड ट्रंकेत गेलं असणार. मी ते मराठीत सांगितलं. इशानं हिंदीत सांगितलं. मोहनलालजींनी चष्मा काढून पुसला आणि आत हाक मारली, "बहू, चाय लाओ. अपनी बाईसा आई हैं." (बाईसा म्हणजे घरची लेक.)

चहा झाल्यावर मी मुद्द्यावर आले. "त्यांनी राणीवर घाव घातला होता ना?"

"घातला की! शेकडो वेळा!" मोहनलालजी खदखदून हसले. "रुपये पाडायचे. खोटे. राणीच्या तोंडाचा साचा स्वतः कोरला होता."

"आत्या," इशा कुजबुजली, "मतलब पणजोबा नकली नोटा छापायचे?"

"नोटा नाही, नाणी," मी म्हणाले. जणू त्यानं अब्रू वाचणार होती.

"रुपया सरकारीपेक्षा सुबक होता," मोहनलालजी अभिमानानं म्हणाले. "पकडले गेले ते हात बहकल्यामुळे. राणीच्या हनुवटीवर तीन ठिपके आले."

मी हातातली बशी खाली ठेवली. माझ्या पणजीचा, चंद्रभागेचा, एकही फोटो नाही. पण आप्पाकाकांना आजी आठवते, आणि तिच्याबद्दल बोलताना ते हमखास स्वतःच्या हनुवटीला बोट लावतात. तिथे तीन ठिपक्यांचं गोंदण होतं.

हात बहकला नव्हता. राणी कोरायला बसलेल्या माणसानं बायको कोरली होती.

मी हे सांगताच चहा आणून दिलेल्या सूनबाईंचा हात गळ्याशी गेला. त्यांच्या गळ्यात चांदीचं पदक होतं. त्यावरच्या चेहऱ्याला घरात सगळे लक्ष्मी म्हणत. मी वाकून पाहिलं. नाकात आपल्याकडची नथ, हनुवटीवर तीन ठिपके.

"पण हे तर दादीजींचं!" मोहनलालजी म्हणाले. "दादाजींनी लग्नात त्यांच्या गळ्यात घातलं होतं. जन्मभर वापरलं त्यांनी." भिंतीवर हार घातलेला दादीजींचा फोटो होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "धीरे बोलिए."

आम्ही चौघंही तोंड दाबून हसलो. सूनबाई तर खांबाला टेकल्या.

निघताना मोहनलालजींनी फडताळातून त्याच पदकाचा काळपट साचा काढला. त्यावर पत्रा ठेवला, नेमके घाव घातले आणि पणजी माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

घरी आले. आप्पाकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, निदान दरोडा तरी घालायचा!" मग मी पदक पुढे केलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं आणि अंगठा हनुवटीवर फिरवला. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन कमान रद्द करून आले. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "क्रांतिवीर नव्हते. पण हात फार चांगला होता."

त्यानंतर त्यांनी मोहनलालजींना फोन लावला. दोघंही कानानं अधू. एक मराठीतून ओरडतोय, दुसरा मारवाडीतून. पाऊण तास बोलणं झालं आणि दिवाळीनंतर जयपूरची अकरा माणसं आमच्याकडे येणार असं ठरलं. एका मेलेल्या माणसाचा माग काढायला मी निघाले होते. आता काकू गाद्या मोजते आहे. ज्या घरानं एकाला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्यानं अकरांना दार उघडावं, यात मला बरं वाटतं.

काका सध्या रोज सकाळी अंगणात उभे राहून 'पधारो सा', म्हणजे 'या, यावं', असं म्हणायचा सराव करतात. आपल्यालाच बोलावताहेत असं वाटून कुरिअरवाला दोनदा आत येऊन चहा पिऊन गेला.