लालपेनबाई आणि न उघडायची पेटी

त्या कादंबऱ्यांची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई आडून बोलते. मी ख्रिस्ती पुस्तकांच्या एका छोट्या छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते. तरुण मुलामुलींसाठी आमच्याकडे प्रेमकथांची एक माला निघते. मुलगी गायनमंडळात गाणारी, मुलगा देखणा पण देव न मानणारा. नवव्या प्रकरणात त्याला अपघात होतो, अकराव्यात ती गुडघे टेकते, तेराव्यात तो बाप्तिस्मा घेतो आणि चौदाव्यात एकदाचे दोघं हातात हात घेतात, तेही तिची आई खोलीत असताना. मी दर रविवारी चर्चला जाते, देवाशी माझं काही वाकडं नाही. पण त्याला असं लग्न जुळवायला बसवलेलं मला बघवत नाही.

ही माला लिहितात आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या बायको, म्हणजे पाळकीणबाई. आणि तपासायची लालपेनबाई, जिच्याबद्दल मला सांगायचंय.

लालपेनबाईने सव्वीस वर्षं प्रुफं तपासली. अंबाड्यात कायम लाल पेन खोचलेलं, म्हणून हे नाव. डोळ्यांसमोर आलेला कागद वाचल्याशिवाय तिला राहवायचं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ती चुका शोधत वाचायची. पण लेखकाचं वाक्य तिने कधी बदललं नाही. मी चिडून म्हणायचे, "अहो, हा काय मूर्खपणा लिहिलाय!" तर ती म्हणायची, "मूर्खपणा त्यांचा गं. आपण त्यात स्वल्पविराम घालायचे." घरी ती आणि तिची भाची, दोघीच. बहीण वारली तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती, तेव्हापासून हिनेच वाढवली.

भाची आता एकोणीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका पोरावर तिचा जीव जडला. पोरगा कष्टाळू, सरळ, पण चर्चचं तोंड न पाहिलेला. भाची जेवेना, धड बोलेना. शेवटी मावशीने तिला पेटीचा मार्ग दाखवला.

आमच्या चर्चच्या दाराशी एक कुलूप लावलेली लाकडी पेटी आहे. मनातलं लिहायचं, नाव घालायचं नाही आणि फटीतून आत टाकायचं. महिनाअखेरीस पाळकसाहेब ती बंद पेटी हातात घेऊन सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. मग पाळकीणबाई मागच्या अंगणात चिठ्ठ्या जाळतात. कुणी वाचायचं नाही, असा चर्चच्या मंडळीला दिलेला शब्द आहे. "देवाशिवाय कुणाच्या नजरेला पडत नाही बघ," मावशी म्हणाली. भाचीने तिच्या हिरव्या शाईत पहिली चिठ्ठी लिहिली आणि लाजत मावशीला वाचून दाखवली: 'देवा, डोळे मिटले की तोच दिसतो. त्याला मनातून काढ असं म्हणणार नाही. तू जरा सरकून बस, दोघंही मावाल.' मावशी हसून हसून रडली. "अशीच टाक," म्हणाली, "एक अक्षर बदलू नकोस."

गेल्या महिन्यात मालेची नवी कादंबरी आली. आमची पद्धत अशी की एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने प्रुफावर नजर ठेवायची. मी वाचत होते. "देवा स्वल्पविराम डोळे मिटले की तोच दिसतो पूर्णविराम." तसंच पुढे वाचत गेले. "तू जरा सरकून बस स्वल्पविराम दोघंही मावाल पूर्णविराम." समोरचं पेन थांबलं. मी वर पाहिलं तर बाईचा चेहरा पांढराफटक.

"पुढे वाच," ती म्हणाली.

पुढे काय, पुढे देव रागावतो! पुढच्याच पानावर लिफ्ट कोसळते आणि त्या पोराचे पाय जातात. कादंबरीतला पोरगाही लिफ्टच दुरुस्त करणारा. अगं, चोरी करतेस तर निदान त्याचा धंदा तरी बदल! वर आणखी, हे पुस्तक तरुणांच्या मेळाव्यात फुकट वाटायचं ठरलेलं. भाची कुणाबरोबर फिरते हे तिथल्या पोरापोरींना तोंडपाठ.

लालपेनबाईने मग चिठ्ठीचं सगळं मला सांगितलं. सांगताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होती. "मीच टाकायला लावली गं. माझ्या शब्दावर टाकली पोरीने."

आम्ही तडक पाळकीणबाईंच्या घरी गेलो. वाटलं होतं, बाई चपापतील, कानांवर हात ठेवतील. कसलं काय! त्यांनी कौतुकाने कपाटातून जाडजूड फाईल काढली. आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, रंगीत कागद लावून वेगळ्या केलेल्या: प्रेम, शंका, घरचे, शरीर. 'शरीर' हा शब्द मी दोनदा वाचला. कुणाकुणाच्या पोरींनी दार लावून काय काय लिहिलं असेल, आणि ही बया चहा पीत त्यातून प्रकरणं पाडते!

"मग जळतं काय?" मी विचारलं.

"अहो, तुमच्याकडची रद्दी प्रुफं नेते ना मी." त्या हसल्या. "फुकट जातात, म्हणून."

ती प्रुफं चिठ्ठीच्या मापाने मीच कापून दिली होती, मुलांना चित्रं काढायला हवीत म्हणाल्या म्हणून.

लालपेनबाई म्हणाली, "हिरव्या शाईतल्या द्या. माझ्या भाचीच्या आहेत."

"एवढं काय मनाला लावून घेता? नाव कुठे घातलंय मी? पोरींना योग्य मार्ग दिसावा म्हणूनच लिहिते. आणि देव वाचतो, तर त्याच्या सेविकेने वाचलं म्हणून काय बिघडलं?"

"पाळकीणबाई," लालपेनबाई म्हणाली, "सव्वीस वर्षं मी लेखकाच्या वाक्याला हात लावला नाही. हे वाक्य, ती लिफ्ट आणि तो पोरगा पुस्तकात राहिला, तर प्रुफावर सही करणार नाही. आणि का करत नाही, ते रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभी राहून सांगेन."

आवाज चढला नव्हता, पण पाळकीणबाईंचं हसू मावळलं. "बरं बाई, काढते," त्या फणकारल्या. पोराचा झाला चित्रकार, लिफ्टची झाली मोटारसायकल, आणि प्रार्थना गेली. उरलेली फाईल पाळकसाहेबांच्या टेबलावर जाईपर्यंत आम्ही हललो नाही. ते पान उलटत गेले तसे खुर्चीत खचत गेले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्यासारखं करायला चांगलं जमत होतं. मला आता कुणाचंच खरं वाटत नाही.

भाचीच्या चिठ्ठ्या एक नव्हे, अकरा निघाल्या. लालपेनबाईने त्या उलट्या घेतल्या, कोरी बाजू वर, आणि रुमालात बांधल्या. मी शेजारी होते. एरवी दुकानाच्या पाट्यांतल्या चुका मोजत चालणारी ही बाई घरापर्यंत समोर बघत चालली, रुमालाकडे तिने नजर वळवली नाही. देवाशपथ सांगते, तिने त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

भाची नुकतीच कामावरून आली होती. मावशीने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, स्वतःची चूकसुद्धा. मग रुमाल पुढे ठेवला. पोरीने गाठ सोडली. एकेक चिठ्ठी उलटून बघत गेली तसे तिचे कान लाल होत गेले. पहिली चिठ्ठी तिने मावशीला वाचून दाखवली होती. बाकीच्या दहा दाखवल्या नव्हत्या.

"पुस्तकातून काढलंय बाळा," मावशी म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"तू वाचल्यास?"

"नाही गं. एकही नाही."

पोरीने मान वर केली. मावशीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "खरंच नाही वाचल्या, मी होते ना बरोबर." पण तिला कसं पटावं? औषधाच्या बाटल्या वाचणाऱ्या मावशीच्या हाताखाली ती वाढलेली.

"असू दे," भाची म्हणाली. चिठ्ठ्या घेऊन आत गेली आणि त्या घरात कधी कुणी न लावलेली आतली कडी तिने लावून घेतली.