चार बोटं कुणाची?

आमच्या मावशीला छपाई काकांनी शिकवली ती खुर्चीत बसून. डोळे गेल्यावर त्यांना दुसरं काही जमत नव्हतं आणि गप्प बसणं तर जन्मात जमलं नव्हतं. लाकडी फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून कापडी पिशव्यांवर दुकानांची नावं छापायचं त्यांचं काम मावशीच्या गळ्यात पडलं. ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी वाकलेली आणि काका आतून उंटावरून शेळ्या हाकतायत. "अगं, नावाच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं सुटतील अशीच फ्रेम घे!"

मावशी चार बोटं मोजूनच फ्रेम घ्यायची. तरी कडेची अक्षरं फिकी उमटायची.

"तुझ्या हातात जोरच नाही," काका म्हणायचे. मग ती शाई पसरायची रबराची पट्टी जाळीवर आणखी दाबून ओढायची. वर्षभर दाबत राहिली. खांदा इतका धरला की तिची वेणी मी घालून द्यायचे. त्यात पिशवीवाल्याने ऐकवलं, "पुढचा माल असाच आला तर काम दुसरीकडे देईन." घर त्याच कामावर चालत होतं.

सुतार नव्या फ्रेमचं माप घ्यायला आला, तेव्हा मावशीने नावाचा कागद पसरला आणि कडेला बोटं टेकवली. "इथपर्यंत."

काकांना राहवलं नाही. भिंत धरत बाहेर आले आणि चाचपत तिच्या बोटांवर आपला पंजा ठेवला. तिची बोटं त्याखाली दिसेनाशी झाली.

"एवढंच सोडतेस?"

"चारच बोटं सांगितलीत ना? ही काय, चार."

सुतार हसला. "काका, तुमच्या चारात मावशींची सहा बसतील! नाव लाकडाला इतकं खेटल्यावर तिथली जाळी लवणार कशी? कितीही दाबा, शाई उतरायची नाही."

काका भिंत धरत परत आत गेले.

मोठी फ्रेम आली. मावशीने पहिल्या पिशवीवर पट्टी हलकेच ओढली. नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंभोर उमटलं. मला वाटलं, आता ही हसेल. ती स्टुलावर बसली आणि शाईने माखलेले तळवे बघत राहिली.

"वर्षभर या हातांना शिव्या घातल्या गं मी," ती म्हणाली.

आतून काकांनी विचारलं, "कशा आल्या कडा?"

तिने पुढची पिशवी ओढून घेतली. मीच सांगितलं, चांगल्या आल्या.