मागची बाजू

पनवेलच्या आमच्या कारखान्यात तो पत्रे कापायचं प्रेस मशीन चालवायचा आणि मी इलेक्ट्रिशियन होतो. प्रेसच्या पुढे प्रकाशाचा पडदा होता. कोपऱ्यांतल्या आरशांवरून तोच प्रकाश वळून मागच्या बाजूलाही जायचा, आणि मध्ये कुणाचा हात आला की मशीन जागच्या जागी थांबायचं. त्याला केसांचा भारी शौक. डबा खाऊन झाला की त्याच आरशात बघून भांग पाडायचा.

एकदा ट्रॉली लागून एक आरसा फुटला. मशीन सुरूच होईना. फोरमन मला म्हणाला, "पडदा बंद कर आणि प्रेस चालू दे. माल आजच जायचाय."

प्रेस चालवणाऱ्याने हातमोजे काढून ठेवले. "मी नाय चालवनार, साहेब. माजा हात मला दिसतो. मागं बाई माल उचलते, ती मला दिसत नाय."

फोरमन बराच वेळ बोलत राहिला. हा मान खाली घालून ऐकत होता, पण हलला नाही. शेवटी मी नवा आरसा आणायला निघालो.

तेवढ्यात मागून ती बाई आली. "मशीन का बंद हाय, दादा?"

"काय नाय, ताई. दमलंय जरा," तो म्हणाला. "जा, तू चाय पिऊन ये."