‘बाई, आजून हाय आत’

करणी, अंगात येणं, चकवा... असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आले. माझं माहेर वाईचं, मी मराठी सातवी शिकलेली. पण सांगलीच्या दवाखान्यात जे झालं, त्यावर मला अजून हसता आलेलं नाही.

लढाईचा काळ. मालक फौजेत, बरेच दिवस पत्र नाही. सासर कडेगावजवळ. उसाच्या चरकात माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट सापडलं, हाड मोडलं. गावातच बांधून घेतलं, ते आतून पिकलं. महिने गेले तरी पू थांबेना, हाड जुळेना. शेवटी दिरांनी सांगलीला आणून सोडलं आणि गुऱ्हाळ खोळंबलं म्हणून लगेच परतले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "आत मेलेलं हाड आहे. ते सगळं निघालं तर बोट वाचेल. नाहीतर कापावं लागेल."

वॉर्डात इतरांची माणसं डबे घेऊन यायची. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

ऑपरेशन सकाळी झालं. शुद्धीवर आले तर नर्स शेजारी बसलेली. "तुमच्याबरोबर कोण आलंय हो?"

"कुणीच नाही."

मग तिनं सांगितलं... बाई जखम बंद करणार, इतक्यात टेबलापाशी पुरुषाचा आवाज आला – "बाई, आजून हाय आत." अगदी तुमच्या गावाकडचं बोलणं, ती म्हणाली. खोलीत बाई, दोन नर्स आणि बेशुद्ध मी. पुरुष कुणीच नव्हता! बाईंनी पुन्हा शोधलं, तेव्हा मागच्या अंगाला मेलेल्या हाडाची एक कपची सापडली.

मी बाईंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ऐकलं मीपण."

जखम सुकली. पुढे कोपराजवळच्या हाडाचा तुकडा काढून बोटात बसवला. बोट जुळलं. वाकत नाही, पण आहे.

तो आवाज मालकांचाच, अशी माझी खात्री होती. त्या आधारावर लढाई संपेपर्यंत दिवस काढले.

ते धडधाकट परत आले. एका निवांत दुपारी मी सगळं सांगितलं. "अहो, तुम्हीच होता ना?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाई गं. तिकडं मला घरचं काय आठवायचंच न्हाई. तुझं तोंडबी न्हाई."

खरं बोलणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? मी उठून चहा ठेवला.

मग ते कोण होतं... आजवर कळलेलं नाही. त्या सकाळी माझ्यासाठी कुणीतरी बोललं – आणि ते माझं कुणीच नव्हतं.