बांधावर ठेवलेला शर्ट

"आजोबा, शर्ट काढून बसा. मुलांना बरगड्या दिसल्या पाहिजेत."

माझ्याच शेतात. माझ्याच सुनेसमोर. म्हणणारी बाई कॉलेजातली मोठी मॅडम. मी शर्ट काढला. पांढरा. पाहुणे येणार म्हणून सुनेनं सकाळी इस्त्री करून दिलेला. घडी घातली, बांधावर ठेवला.

मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिताना शब्द चुकतील. झालं ते चुकायचं नाय.

आमचं गाव रोह्याजवळ, खांब गावाच्या आतल्या अंगाला. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतो. गेल्या हिवाळ्यात मॅडम पेणहून गाडीभर मुलं घेऊन आल्या. ही मुलं आफ्रिकेत जाणार होती. शेती आणि आरोग्य असा कायतरी प्रकल्प हाय तिकडं. लोकांची वजनं घ्यायची, रक्त तपासायचं, काय पिकवता, काय खाता विचारायचं. तिकडं गेल्यावर हात थरथरायला नको, म्हणून आधी आमच्यावर सराव. सरपंचानं होकार दिलेला. मला कुणी विचारलं नव्हतं.

तरी मी पोपटी लावली. वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला. पाण्याचा थेंब नाय. मडकं उपडं घालायचं, भोवती जाळ करायचा. वालाच्या दिवसांत शेतात आलेला माणूस पोपटी खाल्ल्याबिगर आमच्याकडनं जात नाय. ही आमच्या घरची रीत.

तर मी उघडा बसलो. एकानं दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. एकीनं बोटाला सुई टोचली. रक्त आलं नाय, मग दुसऱ्या बोटाला. कुणी फोटो काढले. कुणी विचारलं, पोटभर जेवायला मिळतं का. सून मान खाली घालून जाळात पेंढा सारत होती. शेजारचा नामा त्याच्या बांधावरनं ओरडला, "काय दादा, थंडीत आखाड्यात उतरलास काय?"

मुलं हसली. मीपण हसलो.

मॅडम सांगत होत्या, "नीट बघून घ्या. तिकडेही अशीच माणसं भेटतील. यांना हाताळता आलं की त्यांनाही हाताळता येईल."

माझ्यासमोर. मराठीत. जसा काय मी बैल.

मुलांमध्ये आफ्रिकेतलीच एक मुलगी होती, इकडं शिकायला आलेली. मोडकीतोडकी हिंदी बोलायची. तिनं बाजूच्या पोराला विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. त्यानं सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. झाली म्हणजे पोपटी. केळीच्या पानांवर ओतली. वास सुटला. ती मुलगी पुढं आली, पानाकडं हात नेला.

"कुणीही काही खायचं नाही," मॅडम हात आडवा करून म्हणाल्या. "प्रवास जवळ आलाय. पोटं बिघडतील. डबे गाडीत आहेत."

मुलीनं हात मागं घेतला. ओढणीला पुसला, काय लागलेलं नसताना. आणि खाली बघत उभी राहिली.

ते खाली बघणं मी ओळखलं. ते माझ्या बापाचं होतं. जमीन खोताची, त्याच्या वाट्याचं भात त्याच्या घरी घालायला बाप जायचा, मी मागनं. मुंडासं काढून अंगणात उभा राहायचा. तहान लागली तर वरनं ओंजळीत पाणी ओतायचे. आमचं भात त्यांच्या कोठीत चालायचं. आमच्या हातचं पाणी चालायचं नाय. बाप खाली बघायचा.

मॅडम त्याच घरातल्या. खोताची नात. मी सकाळीच आडनावावरनं ओळखलं होतं. म्हटलं, शिकली पिढी, बदलली असंल.

मी उठलो. शर्ट झटकला, घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली.

"आजोबा, अजून छातीचं माप राहिलंय."

"राहू दे."

"तुमच्याच भल्यासाठी आहे हे."

"माझं रक्त चालतं, पोपटी चालत नाय. कसलं भलं?"

"आमच्याकडे सरपंचांची परवानगी आहे."

"अंग माझं हाय. सरपंचाचं नाय. उघड्याचे फोटो काढलेत ते पुसा. माझ्यासमोर."

पोरं मॅडमकडं बघायला लागली. मला त्या फोनातलं कळत नाय. मी सुनेला हाक मारली, "ये गो, बघ पुसतात काय." ती जाळापासनं उठली. पदर खोचला. एकेकाचा फोन हातात घेऊन बघितला. मॅडमचापण.

जाताना त्या मुलीला मी माझ्या हिंदीत म्हटलं, "बेटी, तुम्हारे गाव में किसी का कपडा मत उतारने देना." गाडी गेली. पोपटी नामाला बोलावून आम्हीच खाल्ली.

काल सरपंच दारात आला. रोह्याला हॉलमध्ये कार्यक्रम हाय. मुलं तिकडं जाऊन आली. सहकार्य केलेल्या गावकऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. "जा की दादा, गाडी पाठवतायत. झालं गेलं सोडून दे."

मी नाय जाणार. ज्यांनी शर्ट उतरवायला लावला, त्यांच्या हातची शाल माझ्या अंगावर पडायची नाय.

वाल पुन्हा भरलेत. पोपटी लागंल. मोजायला यायचं असंल तर या. आधी जमिनीवर बसायचं. पानातलं खायचं. मग विचारायचं. आणि मी नको म्हटलं, तर आपली पट्टी गुंडाळून चालू लागायचं.