सुगंधाबाईची सवत

सोनगीरच्या सुगंधाबाईला सवत होती, आणि ती लाकडाची होती. नवरा अभिमन भजनी मंडळात पेटी वाजवायचा. शेतातून आला की बायकोला हाक मारायच्या आधी पेटीवरची धूळ पुसायचा. पेटीला मऊ पंचा, आणि हिच्या वाट्याला नुसतं 'चहा टाक'. एकदा पेटीचा भाता फाटला, तर या गड्याने हिच्या लग्नातल्या हिरव्या साडीचा पदर कापून त्याला ठिगळ लावलं. विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून सुगंधाबाईचा जो जळफळाट सुरू झाला, तो काही थांबला नाही.

मग एका रात्री भजनानंतर पेटी देवळातच राहिली, आणि नेमकं त्याच रात्री देवळाचं कुलूप फोडून चोरांनी मृदंग, टाळ आणि पेटी नेली. सुगंधाबाईने चारचौघांत डोळ्यांना पदर लावला आणि घरी येऊन शिरा केला. अभिमनने शिऱ्याला हात लावला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. हे तिला जास्त झोंबलं. ती माहेरी गेली की हाच माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवायचा, हे शेजारणीने सांगितलेलं ती विसरली नव्हती.

काही दिवसांनी धुळ्याहून पोलिसांचा निरोप आला. चोर सापडले होते, तीन-चार गावांची वाद्यं मिळाली होती. मंडळाने आपले मृदंग-टाळ आणले. पेटी मात्र अभिमनच्या घरची, ती घरच्यांनीच ओळखायची. त्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुगंधाबाई गेली.

ठाण्यात टेबलावर दोन पेट्या होत्या. आपली कोणती, ते तिला दारातूनच कळलं.

"मावशी, यातली तुमची कोणती?" हवालदाराने विचारलं.

"हाई," म्हणत तिने दुसरीवर हात ठेवला आणि बिनदिक्कत सही ठोकली. परतीच्या एसटीत परकी पेटी मांडीवर घेऊन बसताना तिला माहेरी निघाल्यासारखं वाटत होतं.

घरी अभिमनने पेटी उघडली, भाता हलवला, एकच सूर दाबला. बोटं थांबली. आता हा ओरडणार, म्हणून ती कंबर कसून उभी राहिली. पण त्याने हलकेच झाकण लावलं.

"हाई आपली नही. जाऊ दे, तुनी काय चूक? तू तिनाकडे कव्हय दखंच नही. तुले कशी वयखू यी?"

सुगंधाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा जन्म त्या मेलीकडे बघून जळण्यात गेला, आणि म्हणे दखंच नही.

"दखं नही? तिनी तिसरी पट्टी दाबी का वर येत नही. डावा कोपरा उंदरेस्नी कुरतडेल शे. आनि भाताले मना लगननी साडीनं ठिगय शे, हिरवं. बठ्ठं माले याद शे."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"ठिगय सुटं नही ना?" अभिमनने विचारलं.

त्याने हे पेटीसाठी विचारलं की साडीसाठी, ते तिला कळेना. विचारायचा धीरही होईना.

"नही सुटं," ती म्हणाली आणि परकी पेटी कडेवर घेऊन चपला शोधू लागली.

"थांब, मी येस."

"नका. मनी सवत शे. मीच तिले घर लई येसू."